प्रोजेक्टरचा रिमोट लहरी झालाय, कुणी सांगेल का?

फळाखडू (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. भुदरगड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. दोनशिक्षकी शाळा, एकच मोठा वर्ग. चार वर्षांपूर्वी गावानं वर्गणी काढून प्रोजेक्टर घेऊन दिला. पत्र्याखालच्या कैचीला पाइप जोडून तो उलटा टांगलाय, जमिनीपासून साडेनऊ फुटांवर. त्याच्या अंगावरची बटणं दाबायची म्हणजे बाकावर स्टूल ठेवून चढायचं. गेल्या महिन्यात मी तिथून पडता पडता वाचलो, तेव्हापासून आमच्या हेडबाईंनी चढायला बंदी केलीय. म्हणजे सगळी भिस्त रिमोटवर.

आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तो रिमोट लहरी झालाय. कधी पहिल्या दाबात प्रोजेक्टर चालू होतो, कधी वीसदा दाबलं तरी मख्ख. सेल तीनदा बदलले. गावातला वायरमन म्हणाला रिमोट गेला. म्हणून ऑनलाइन साडेतीनशेला 'याच मॉडेलला चालेल' असं लिहिलेला दुसरा मागवला. तो काल आला. तोही अगदी तस्साच वागतो!

शनिवारी पालकसभा आहे, पोरांनी केलेले व्हिडिओ दाखवायचेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच त्यावर वाद नको. जाणकारांनी प्रकाश टाकावा (प्रोजेक्टरचा सोडून).

---

शंकासूर | मंगळवार, रात्री ९:२२

नवा रिमोटही तसाच, म्हणजे प्रोजेक्टर गेला. पुढचा धागा: 'तीस हजारांत प्रोजेक्टर कोणता घ्यावा?' हलकं घ्या.

---

सोल्डरमामा | मंगळवार, रात्री ९:४८

शंकासूर, जरा थांबा. मास्तरांना घाबरवू नका.

नाशकात एकतीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. 'रिमोट बिघडला' म्हणून आलेल्या गिऱ्हाइकांतल्या निम्म्यांचा रिमोट धडधाकट असायचा. म्हणून पहिली तपासणी फुकटातली. मोबाईलचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं नाक त्याच्यासमोर धरा आणि कुठलंही बटण दाबून ठेवा. पडद्यावर नाकातला दिवा जांभळट-पांढरा लुकलुकला तर रिमोट जिवंत. हा इन्फ्रारेड प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतो.

दोन्ही रिमोट तपासा. एकेक बटण तपासा, नुसतं पॉवरचं नको.

---

खिडकीबाई | मंगळवार, रात्री १०:०५

मामा, यात एक मेख आहे. मी आयफोनच्या मागच्या कॅमेऱ्यानं बघितलं तर काळोख. रिमोट मेला समजून नवा मागवायला निघाले होते. नंतर लेकानं सांगितलं की मागच्या कॅमेऱ्याला हा प्रकाश अडवणारी काच असते, सेल्फीवाल्यानं बघ. बघितलं, तर दिव्यांची आरास!

---

सोल्डरमामा | मंगळवार, रात्री १०:११

+१. दुकानात मी एक जुना डबडा डिजिटल कॅमेरा याच कामाला ठेवला होता. जितका स्वस्त तितका बरा. आधी चालू असलेल्या दुसऱ्या रिमोटवर मोबाईलची परीक्षा घ्या, मग संशयिताची.

---

फळाखडू | बुधवार, सकाळी ७:३५

केलं. माझ्या फोनच्या दोन्ही कॅमेऱ्यांत दिसतंय. दोन्ही रिमोट झक्क पेटतात, सगळ्या बटणांना. जुन्याचा उजेड तर नव्यापेक्षा जास्त आहे. मग आता?

---

पावसाळी_बेडूक | बुधवार, सकाळी ८:५०

सावंतवाडीहून. आमच्याकडे पावसात रिमोटाक पण बुरशी धरता, म्हणून लिहितोय.

फळाखडूंचा पेटतोय, त्यामुळे त्यांना लागू नाही, पण हा धागा वाचायला येणाऱ्या इतरांसाठी: सेलचं झाकण उघडून स्प्रिंगकडे बघा. पांढरी-निळसर पूड दिसली तर सेल गळलाय. अल्कलाइन सेल गळला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, ते क्षार आहे, म्हणून कापसाच्या काडीला व्हिनेगर नाहीतर लिंबाचा रस लावून पुसायचं, मग कोरड्या काडीनं, मग बारीक पॉलिश पेपरनं स्प्रिंग चकचकीत. आधी हातमोजे घाला, निदान डोळे चोळू नका. सुट्टीआधी सेल काढून ठेवायची सवय लावली तर हे काहीच करावं लागत नाही. मी हे गेली सहा वर्षं सांगतोय आणि स्वतः दर वर्षी विसरतोय.

दोनचारच बटणं मेली असतील तर दोष रबराखालच्या काळ्या टिकल्यांत. रिमोट उघडून टिकल्या आणि खालची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली की बहुतेक वेळा काम होतं. टिकली झिजलीच असेल तर तिच्यावर पेन्सिलीचं शिसं घासून महिना-दोन महिने निघतात.

---

शंकासूर | बुधवार, सकाळी ९:०२

उघडताना ज्या खाचा तुटतात त्यांचं काय करायचं तेही लिहा. माझ्या रिमोटला चार वर्षं रबरबँड आहे.

---

सोल्डरमामा | बुधवार, सकाळी ११:२०

मास्तर, तुमच्याकडे आता एक मोठा पुरावा आहे आणि तुम्ही त्याकडे दुर्लक्ष करताय. दोन वेगवेगळे रिमोट अगदी सारखेच वागतात. दोघांनी एकाच दिवशी, एकाच तऱ्हेनं आजारी पडायचं असं ठरवलंय का? तर नाही. रिमोट दोन्ही ठीक आहेत.

कुणी म्हणेल, पेटतो म्हणजे बरोबर बोलतो असं कुठे? खरं आहे, कॅमेऱ्यात फक्त आवाज दिसतो, शब्द नाही. बटण दाबलं की दिवा सेकंदाला सुमारे अडतीस हजार वेळा उघडझाप करतो. प्रोजेक्टरचा सेन्सर त्या ३८ किलोहर्ट्झच्या लयीलाच कान देतो, बाकीचा उजेड गाळून टाकतो. (फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत ही लय ३६ ची, सोनीची ४० ची. कंपनीगणिक फरक.) त्या लयीवर मग निरोप. एनईसी नावाची जी पद्धत पुष्कळ ठिकाणी वापरतात तिच्यात आधी ९ मिलिसेकंदांची लांब आरोळी, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, मग पत्ता, पत्त्याचं उलटं रूप, मग हुकूम, हुकुमाचं उलटं रूप. एकूण ३२ बिट. सुलट-उलट जुळलं नाही तर निरोप कचऱ्यात. अर्धवट ऐकून भलतंच बटण दाबलं जाऊ नये म्हणून ही सोय.

म्हणूनच दुसऱ्या कंपनीचा रिमोट हुबेहूब दिसला तरी चालत नाही: पत्ता वेगळा. पण तुमचे दोन्ही कधीकधी तरी चालतात ना? मग पत्ताही बरोबर, हुकूमही बरोबर. बिघाड एक तर मधल्या हवेत, नाहीतर प्रोजेक्टरच्या कानात.

---

मंडळाचा_कार्यकर्ता | बुधवार, दुपारी १:१५

हवेतलाच असणार. आमच्या गणपतीत देखाव्याला प्रोजेक्टर लावला होता. दुपारी तपासला तर मस्त, संध्याकाळी आरतीला सगळं लायटिंग पेटलं आणि रिमोट बंद. बाजूचा हजार वॅटचा हॅलोजन थेट प्रोजेक्टरच्या तोंडावर. हॅलोजन म्हणजे उजेड थोडा आणि उष्णता फार, अशा दिव्यातून रिमोटच्याच जातीचा प्रकाश धो धो येतो. फोकस फिरवला, रिमोट चालू. जुन्या ट्यूबा, विशेषतः इलेक्ट्रॉनिक चोकच्या, आणि सीएफएलसुद्धा त्रास देतात.

खिडकीतून उन्हाची तिरीप येते का त्याच्यावर? प्रोजेक्टरच्या पुस्तिकेतही लिहिलेलं असतं, सेन्सरवर थेट ऊन किंवा ट्यूबचा झोत नको म्हणून. पुस्तिका कोण वाचतो म्हणा.

---

फळाखडू | बुधवार, दुपारी ४:४०

खिडक्या उत्तर-दक्षिण, ऊन येत नाही. दोन एलईडी ट्यूब आहेत, त्या बंद करून बघितल्या. फरक नाही. सकाळ-दुपार फरक नाही. हवा निर्दोष आहे असं दिसतं, निदान आमच्या डोंगरात तरी.

---

अटलांटिककाठ | बुधवार, संध्याकाळी ६:१०

न्यू जर्सीहून. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये एकाच कंपनीचे दोन प्रोजेक्टर आहेत. रिमोट दाबला की दोन्ही बंद. नाटकाच्या मध्यंतरात एकदा असा तमाशा झाला की विचारू नका, उपशीर्षकांचा प्रोजेक्टर चालू करायला गेलो आणि नेपथ्याचा बंद झाला.

यावर आयडीची सोय असते. एप्सनमध्ये प्रोजेक्टरच्या मेनूत त्याला १ ते ९ मधला आकडा द्यायचा (नव्या मोठ्या मॉडेलांत आकडे जास्त), मग रिमोटवरचं आयडीचं बटण धरून तोच आकडा दाबायचा. शून्य दिला की रिमोट सगळ्यांशी बोलतो. काही रिमोटांना बाजूला आयडीचा बारीकसा सरकता स्विच असतो, तोही बघायचा. बेनक्यूच्या काही मॉडेलांत हाच प्रकार रिमोट कोड नावानं, १ ते ८. आयडी जुळला नाही की दिवा पेटतो, सेल नवे, सगळं छान, आणि प्रोजेक्टर ढिम्म. तुमचं असंच तर नाही?

---

वायरगुंता | बुधवार, रात्री ८:३०

आयडी नसणार. आयडी चुकला तर रिमोट कधीच चालत नाही. फळाखडूंचा कधी चालतो, कधी नाही.

पुण्यात हॉल आणि क्लासरूममध्ये हेच बसवायचं काम करतो. आमच्या धंद्यात 'कधीकधी' हा शब्द चालत नाही. 'कधीकधी' म्हणजे गिऱ्हाइकानं नीट बघितलेलं नाही (राग मानू नका सर). म्हणून चार प्रश्न:

नेमकं कुठे उभे राहून दाबता? चालला तेव्हा कुठे होता, नाही चालला तेव्हा कुठे?

नुकताच बंद केलेला असताना लगेच पुन्हा चालू करता का? दिव्याचा, म्हणजे लॅम्पचा प्रोजेक्टर बंद केल्यावर पंखा फिरत राहतो आणि इंडिकेटर लुकलुकतो. तेवढा वेळ तो कुणाचंच ऐकत नाही. तेव्हा वीसदा दाबून उपयोग नाही.

बंद करताना पॉवर दोनदा दाबता ना? बहुतेक ठिकाणी पहिल्या दाबाला 'बंद करू का?' असं विचारतात, दुसऱ्याला बंद होतो.

आणि शेवटचा, महत्त्वाचा: दिवाळीच्या सुट्टीत प्रोजेक्टर शाळेतच होता का?

---

शंकासूर | बुधवार, रात्री ८:४१

चौथा प्रश्न पोलीस पाटलासारखा आहे. आवडला.

---

खिडकीबाई | बुधवार, रात्री ९:१५

अवांतर करते, क्षमस्व. घरी नवा ॲण्ड्रॉइडवाला छोटा प्रोजेक्टर घेतलाय. त्याच्या रिमोटचं फक्त पॉवरचं बटण चालतं, बाकी एकही नाही. वर कॅमेऱ्यात बघितलं तर पॉवर दाबल्यावरच दिवा पेटतो, इतर बटणांना नाही. म्हणजे अर्धा रिमोट बिघडलेला पाठवला का?

---

वायरगुंता | बुधवार, रात्री ९:२८

नाही ताई. तो ब्लूटूथ रिमोट आहे. अशा पुष्कळ रिमोटांत पॉवर तेवढा इन्फ्रारेडवर असतो आणि आवाज, बाण, माईक हे सगळं ब्लूटूथवर. जोडी जुळवायची राहिलीय, म्हणून बाकी बटणं मुकी आहेत. प्रोजेक्टर चालू करून रिमोट त्याच्या अगदी जवळ न्या आणि पुस्तिकेत दिलेली दोन बटणं एकदम दाबून धरा, पडद्यावर 'जोडलं' असं येईपर्यंत. कुठली दोन ते कंपनीप्रमाणे बदलतं. आणि या ब्लूटूथ बटणांना कॅमेऱ्याची परीक्षा लागूच होत नाही, मामांनी दुकान काढलं तेव्हा हा प्रकार नव्हता.

---

सोल्डरमामा | बुधवार, रात्री ९:३३

मान्य. मामा शिकतायत.

---

खिडकीबाई | बुधवार, रात्री ९:५२

झालं! दंडवत. आता नवऱ्याला सांगते की मीच केलं.

---

फळाखडू | गुरुवार, दुपारी १२:५०

मधल्या सुट्टीत लिहितोय. वायरगुंता, तुम्हाला कोल्हापूरचा फेटा बांधला पाहिजे.

आज पहिल्या तासाला फळ्याजवळून नेहमीप्रमाणे दाबत होतो. ढिम्म. तेवढ्यात शेवटच्या बाकावर दोघांची जुंपली. सोडवायला मागं गेलो, रिमोट हातातच, चिडून तिथूनच दाबला, आणि लागला की हो! पुढं आलो, बंद. मागं गेलो, चालू. सहा वेळा केलं. पोरं म्हणाली, सर कवायत करतायत.

म्हणजे लहरी वगैरे काही नाही. फळ्याकडून कधीच चालत नाही, मागच्या भिंतीकडून नेहमी चालतो. मी बहुतेक वेळा पुढं असतो, अधूनमधून मागं. म्हणून 'कधीकधी'.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: नव्हता. दिवाळीत गावात कार्यक्रम होता, तेव्हा उसना नेला होता. साउंडवाल्या पोरानं काढला आणि त्यानंच परत आणून टांगला.

---

वायरगुंता | गुरुवार, दुपारी १:३०

वाटलंच होतं.

सर, तुमच्या प्रोजेक्टरला दोन कान आहेत. एक पुढं, भिंगाच्या बाजूला. दुसरा मागं. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरला दोन्ही लागतात, कारण बोलणारा स्टेजवर असतो आणि चालवणारा मागं. तुमचा पुढचा कान ऐकत नाहीये. कारणं तीन. एक, पुढच्या काळ्या काचेवर काहीतरी चिकटलंय: धूळ, कोळ्याचं जाळं, चिकटपट्टी. दोन, तो सेन्सर जळलाय. तीन, कुणीतरी मेनूतून बंद केलाय. बऱ्याच कंपन्यांच्या मेनूत 'रिमोट रिसीव्हर' अशी एक ओळ असते. तिच्यात पुढचा-मागचा दोन्ही, फक्त पुढचा, फक्त मागचा असे पर्याय असतात, काहींत चक्क दोन्ही बंद करायचाही.

चढायच्या आधी एक गंमत करा. फळ्याजवळच उभे राहा, पण रिमोट प्रोजेक्टरकडे न धरता त्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे रोखा आणि दाबा. भिंत चुन्याची पांढरी असेल तर चालायला हवा.

---

शंकासूर | गुरुवार, दुपारी १:३६

रिमोट भिंतीला दाखवून प्रोजेक्टर चालू करायचा? उद्या अंगारा लावायला सांगाल.

---

सोल्डरमामा | गुरुवार, दुपारी १:५०

हसू नका. हा प्रकाश पांढऱ्या भिंतीवरून छान परावर्तित होतो. घरी टीव्हीकडे पाठ करून समोरच्या भिंतीवर रिमोट मारून बघा. हॉलमध्ये लोक रिमोट पडद्याकडे रोखतात आणि मागं टांगलेला प्रोजेक्टर चालतो, तोही असाच: पडद्यावर आपटून पुढच्या कानात जातो.

---

फळाखडू | गुरुवार, संध्याकाळी ५:२०

भिंतीवर मारला. लागला!!

पोरांना हा चमत्कार फार आवडला. चौथीच्या एकीनं लगेच विचारलं, मग काळ्या फळ्यावर मारला तर? मारून बघितला, तिथून नाही चालला. आजचा विज्ञानाचा तास यातच गेला आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

आता मेनू. तो मागं उभा राहून रिमोटनंच उघडला, चढावं लागलं नाही (हेडबाई धागा वाचतायत म्हणून स्पष्ट लिहितोय). दोन-तीन पानं उलटल्यावर ती ओळ सापडली. 'रिमोट रिसीव्हर: मागचा.' दोन्ही केलं. फळ्याकडे गेलो, दाबलं, पहिल्या दाबात चालू.

साउंडवाल्या पोराला फोन केला, चांगला झापायच्या तयारीत. तो शांतपणे म्हणाला, "सर, स्टेजवर हॅलोजन होते, समोरून. रिमोट घेईना. म्हणून पुढचा सेन्सर बंद केला, मी मागंच बसणार होतो." आणि मग, "परत चालू करायचा राहिला वाटतं."

आता याला झापणार काय? मंडळाच्या कार्यकर्त्यांनी फोकस फिरवला, यानं कान बंद केला. डोकं त्याचंही चाललं होतं.

---

मंडळाचा_कार्यकर्ता | गुरुवार, संध्याकाळी ५:५५

त्या पोराचा नंबर द्या. भाद्रपदात कामाला येईल.

---

पावसाळी_बेडूक | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

वाचनखूण साठवली. साडेतीनशेचा रिमोट फुकट गेला मात्र.

---

वायरगुंता | गुरुवार, रात्री ७:४५

फुकट नाही गेला. तो आला म्हणूनच दोन्ही रिमोट सारखे वागतात हे कळलं.

या सेटिंगची एक पंचाईत आहे. कुणी दोन्ही कान बंद केले तर रिमोटनं मेनू उघडता येत नाही आणि मेनूशिवाय कान उघडता येत नाहीत. एप्सननं त्याला चोरवाट ठेवलीय, रिमोटवरचं मेनूचं बटण पंधरा सेकंद दाबून धरलं की रिसीव्हर मूळ जागी येतो. इतर ठिकाणी अंगावरची बटणं वापरायची. आणि ती बटणंही कुलूपबंद असतील (काही शाळा मुद्दाम करतात) तर एप्सनमध्ये अंगावरचं एंटर सात सेकंद धरायचं. शिडी लागणारच.

शाळावाल्यांचे नेहमीचे फोन आणखी दोन. 'चित्र अचानक उलटं झालं': एप्सनमध्ये ए/व्ही म्यूटचं बटण पाच सेकंद धरलं गेलं की चित्र छतासाठीचं-टेबलासाठीचं असं पालटतं. पुन्हा पाच सेकंद धरा. 'पेज अप-डाउन चालत नाही, बाकी सगळं चालतं': ती बटणं प्रोजेक्टरसाठी नसतात, लॅपटॉपसाठी असतात. प्रोजेक्टर आणि लॅपटॉपमध्ये यूएसबी केबल नसेल तर निरोप पोचणार कसा? एचडीएमआय लावली म्हणजे पुरे, असा समज असतो.

---

अटलांटिककाठ | गुरुवार, रात्री ८:२०

ज्यांचा प्रोजेक्टर नेटवर्कला जोडलेला आहे त्यांनी रिमोटवर अवलंबून राहूच नये. पीजेलिंक नावाची एक सामाईक भाषा आहे, पुष्कळ कंपन्यांचे प्रोजेक्टर ती बोलतात. पोर्ट ४३५२. लॅपटॉपवरून चालू, बंद, इनपुट बदल, लॅम्पचे तास, सगळं. आमच्या हॉलमध्ये मध्यंतराचा तमाशा झाल्यावर हेच केलं.

---

खिडकीबाई | गुरुवार, रात्री ८:३१

एवढं शाळेत कुठे असणार? सोपं सांगा. रेडमीच्या बऱ्याच फोनांना डोक्यावर तोच इन्फ्रारेड दिवा असतो, एमआय रिमोट ॲपमध्ये प्रोजेक्टर निवडायचा, कंपनी निवडायची, झालं. रिमोट हरवला तर वेळ मारून नेता येते. पालकांपैकी कुणाकडे तरी असेलच.

---

सोल्डरमामा | गुरुवार, रात्री ९:०५

जाता जाता, कार्डासारख्या चपट्या रिमोटवाल्यांसाठी. त्यात सीआर २०२५ सेल असतो. त्यातले पहिले दोन आकडे म्हणजे रुंदी, २० मिलिमीटर. पुढचे दोन जाडी, २.५ मिलिमीटर. दुकानदार 'चालेल हो' म्हणून २०३२ देतो, तो ३.२ जाड. कोंबला की ट्रे तुटतो. दोन्ही ३ व्होल्टचेच, वाद जाडीचा आहे. आणि नव्या रिमोटमधून पारदर्शक प्लास्टिकची जीभ बाहेर आलेली असते ती ओढून काढायची. ती न काढता माझ्याकडे 'नवाच बिघडलाय' म्हणून दोन प्राध्यापक येऊन गेलेत.

---

शंकासूर | गुरुवार, रात्री ९:१२

विषय कुठला होता ते कळलं नाही? मला वाटतं पदार्थविज्ञानाचे असावेत.

---

फळाखडू | शनिवार, रात्री ८:५५

पालकसभा झाली. सांगतो.

शुक्रवारी एक पालक पोराला न्यायला आले होते, त्यांच्याकडे रेडमी होता. खिडकीबाईंचा सल्ला आठवला. म्हटलं, करून ठेवू, अडीअडचणीला उपयोगी. त्यांच्या फोनवर ॲप लावलं, प्रोजेक्टर निवडला, दोन-तीन वेळा चालू-बंद करून खात्री केली. त्यांचा तिसरीतला चिरंजीव शेजारी उभा राहून सगळं बघत होता. मलाही शिकवण्याचा सोस, त्याला समजावून सांगितलं कुठलं बटण कशाचं.

आज सभा. सरपंच, ग्रामस्थ, चाळीसेक पालक. पोरांचे व्हिडिओ सुरू झाले. चार मिनिटांनी प्रोजेक्टर बंद. दिवा गार व्हायची वाट बघितली, चालू केला. तीन मिनिटांनी पुन्हा बंद. सरपंच म्हणाले वर्गणीत काही कमी पडलं होतं का? तिसऱ्यांदा बंद झाला तेव्हा मागच्या भिंतीला टेकून चिरंजीव वडिलांचा फोन छातीशी धरून उभे, चेहरा बुद्धासारखा.

फोन काढून घेतला, कार्यक्रम पार पडला. पण ॲप आता अजून तीन फोनांत गेलंय म्हणे. यावर काही उपाय?

---

अटलांटिककाठ | शनिवार, रात्री ९:०४

आयडी लावा. आता कळली का त्याची किंमत?

---

सोल्डरमामा | शनिवार, रात्री ९:१०

पोराला माझ्याकडे पाठवा. दुकान सांभाळायला कुणी नाही.

---

शंकासूर | शनिवार, रात्री ९:१३

मास्तर, पोरं बसतात मागं. तुम्ही असता पुढं. प्रोजेक्टरला कान दोन. साउंडवाल्यानं जे केलं ते उलटं करा की.

---

फळाखडू | शनिवार, रात्री ९:४०

शाळेत जाऊन आलो. 'रिमोट रिसीव्हर: पुढचा.' मागच्या भिंतीवर खडूनं लिहूनही ठेवलंय, म्हणजे पुढच्या दिवाळीनंतर धागा काढावा लागणार नाही.

---

खिडकीबाई | शनिवार, रात्री ९:४४

पण सर, फळ्याजवळचा पडदा पांढरा आहे ना? पोरांनी मागून पडद्यावर मारला तर?

---

फळाखडू | शनिवार, रात्री ९:४६

ताई, हळू बोला. गुरुवारी ते त्यांना मीच शिकवलंय.